पाऊणकी

‘मुलं कितवीत?’ या प्रश्नाला मी आजवर सात तऱ्हेची उत्तरं देऊन बसले आहे. व्याडेश्वराच्या देवळात एक, एसटी स्टँडवर दुसरं, लग्नाच्या पंगतीत तिसरं. गुहागरात येऊन पोफळीची वाडी सांभाळायचं ठरलं तेव्हा मुलांना घरीच शिकवायला घेतलं, एवढं खरं सांगितलं की समोरच्याचा चेहरा घरात कुणी आजारी असल्यासारखा होतो. मग ‘दहावीचं काय?’ त्याचं उत्तर मला पाठ आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे, १४ वर्षं पुरी झाली की तिथून दहावीला बसता येतं. समोरचा मान डोलावतो आणि ‘अरेरे’ म्हणतो.

दहावी होईल हो. माझं अडतं ते रोज सकाळी साडेनऊला.

थोरली बारा वर्षांची. फरसाणाच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून दोन्ही बाजूंनी वाचते. धाकटा नऊचा. पुस्तक उघडलं की त्याला तहान लागते, मग लघवीला होते, मग डास चावतो. पण विहिरीवरचा पंप हवा धरून बसला की घरातली मोठी माणसं त्याचीच वाट बघतात. तो येतो, पाणी ओततो, फुटवॉलच्या पाइपला दोन हिसके देतो आणि पंप चालू. थोरलीला पंपाचं तत्त्व विचारा, आकृतीसह सांगेल. बटण कुठे आहे ते मात्र तिला ठाऊक नाही.

दोघांना एकदमच अपूर्णांक शिकवायचे, असा बेत मी जूनमध्ये केला. (पावसाळ्यात माणूस काहीही ठरवतं.) नारळाची वाटी घेतली, खोबऱ्याचे चार भाग केले. थोरली म्हणाली, "हे समान नाहीत," आणि पट्टी आणायला गेली. ती येईतो धाकट्याने एक भाग तोंडात टाकला आणि चावता चावता म्हणाला, "पाऊण राहिली." म्हणजे येतंय की! मी हरखून विचारलं, "मग पाऊण गुणिले आठ?"

"पाणी पिऊन येतो."

त्याला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, शिकवली खालच्या आळीतल्या तांडेलकाकांनी, जाळं शिवता शिवता. "तिथीची पाऊणपट कर, भरतीची येळ गावते." चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनव-अवस झाली की पुन्हा एकपासून. जुन्या पंतोजींना ज्यासाठी छडी लागायची ती पाऊणकी आमच्या चिरंजीवांना दोन दिवसांत आली, पण फक्त तिथ्यांत. ‘आठ पाऊणे?’ विचारलं की जांभई. ‘अष्टमी?’ म्हटलं की ‘सहा!’

थोरलीने हे ऐकून वही काढली. २४ तास भागिले ३० तिथ्या, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. "काका, तुमची दर तिथीला तीन मिनिटं चुकतात." काका जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "तीन मिन्टांत व्हडी बुडत नाय गो बाय."

इथे माझ्यातली बाई जागी झाली. हिचं गणित, त्याचा समुद्र, एकच धडा! सुकती लागली की असगोलीच्या बाजूला खडकांवर जायचं, खळग्यांतले जीव बघायचे. कॅलेंडर पाहिलं. षष्ठी. पुढचं थोरलीने केलं: भरती दुपारी ४:४८ ला, त्यातून ओहोटी-भरतीमधले ६ तास १२ मिनिटं वजा, पुरी ओहोटी सकाळी १०:३६ ला. दहाच्या सुमारास आम्ही भिंग, वही आणि पोह्यांचा डबा घेऊन खडकांवर हजर.

एका खळग्यात शंखाचं घर पाठीवर घेतलेला खेकडा होता. शेजारचा रिकामा शंख तो नांगीने आतून चाचपून बघत होता, भाड्याची खोली बघावी तसा. आम्ही तिघं भिंगावर ओणवलेले.

"आई, पाणी फिरलंय," धाकटा म्हणाला.

"अजून एकवीस मिनिटं आहेत," थोरली घड्याळ बघत म्हणाली.

"फिरलंय गं. शेवाळ बघ, आत वाकलंय."

मी शिक्षिका. मी लेखी पुराव्याच्या बाजूने कौल दिला. तेवढ्यात एक लाट आली ती खेकड्याला, वहीला आणि माझ्या उजव्या पायातल्या चपलेला एकदमच घेऊन गेली. पोटऱ्यांइतक्या पाण्यातून, डबा डोक्यावर धरून, आम्ही वाळूवर आलो. तिथे थोरली रडवेली होऊन पुन्हा पुन्हा हिशोब करत होती. हिशोब बरोबरच होता. तिथी मी वाचली होती, चष्म्याशिवाय.

"आज चतुर्थी आहे," धाकटा पोहे खात म्हणाला. "आजी सकाळपासून साबुदाणा खातेय. षष्ठीला कशाला खाईल?"

"मग तू मघाशी का नाही बोललास?"

"तू मला तिथी विचारलीसच नाहीस. तू ताईला विचारलंस."

एका चपलेने घरी येताना देवळापाशी सासूबाईंच्या मैत्रिणीने गाठलंच. आमच्या ओल्या अवताराकडे बघत त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला. मी आठवं उत्तर जुळवत होते, तोवर धाकटा बोलून मोकळा झाला.

"मी चौथीत, ताई सातवीत, आणि आई षष्ठीत."