‘लेजंड आहे’ म्हणून किती पॉइंट सोडायचे?

काल, १ डिसेंबर २०१९ला, ल्यूकस ऑइल स्टेडियममध्ये आपण, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधले (एनएफएल) इंडियानापोलिस कोल्ट्स, टायटन्सकडून ३१-१७ हरलो आणि डोकं अजून तापलेलंच आहे, तेव्हा ज्यांना ‘असू दे रे, गेम आहे’ टाइप ज्ञान पाजळायचंय त्यांनी इथूनच परत फिरावं. चौथा क्वार्टर, १७-१७, जेमतेम पाच मिनिटं राहिलेली, आपला लेजंड किकर व्हिनाटिएरी उभा, ४६ यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून किक, तीन पॉइंट). मारला की आपण पुढे. आणि झालं काय, तर बॉल पायावरून सुटतोय न सुटतोय तोच टायटन्सच्या क्रुकशँकचा हात मध्ये आला, बॉल उसळला, त्यांच्याच टाय स्मिथनं उचलला आणि ६३ यार्ड सुसाट पळत टचडाउन. तीन मिळायचे तिथे सात देऊन बसलो. माझ्या तोंडून जे काय निघालं ते इथे लिहिता येणार नाही, वरच्या मजल्यावरून पोरगी खाली येऊन बघून गेली बाबांना काय झालं म्हणून.

आणि ही काय त्या दिवसातली एकच किक नव्हे. तीन वाया गेल्या, तीन! त्यातल्या दोन ब्लॉक. आता ब्लॉक झाली की लगेच लोक लाइनवर (किकरच्या पुढे समोरच्यांना अडवणाऱ्या पोरांवर) घसरतात, आणि लाइन ढिली होती हे खरंच, पण बॉल वर उठलाच नाही तर समोरच्याला उडी तरी किती मारावी लागणार? व्हिनाटिएरीचा गुडघा दुखतोय म्हणतात. असेल ना! ४६ वर्षांचा माणूस आहे, याच महिन्यात २८ तारखेला ४७ पूर्ण. माझा गुडघा तर जिना उतरतानाच बोलतो. पण मला कोणी रविवारी एनएफएलमध्ये किक मारायला उभं करत नाही ना.

हिशोब मांडतो. या सीझनला व्हिनाटिएरीचे फील्ड गोल २५ पैकी १७. एक्स्ट्रा पॉइंट (टचडाउननंतरची एका पॉइंटची किक) २८ पैकी २२. सहा एक्स्ट्रा पॉइंट घालवले राव! २०१५ला ते मागे नेले, ३३ यार्डांची किक झाली, पूर्वीसारखं फुकटचं काम राहिलं नाही, सगळं कबूल, पण तरीही ही किक या लेव्हलला डोळे झाकून जायला पाहिजे, त्यासाठीच तर संघात एक माणूस फक्त किक मारायला ठेवलेला असतो.

सुरुवातच बघा. पहिलीच मॅच, चार्जर्स. ४६ यार्डांवरून हुकली, २९ यार्डांवरून हुकली, वर एक एक्स्ट्रा पॉइंट हुकला. घालवले सात पॉइंट. आणि मॅच ओव्हरटाइममध्ये ३०-२४ने गेली. दुसऱ्या आठवड्यात टायटन्सकडे जाऊन दोन एक्स्ट्रा पॉइंट घालवले, तिथे १९-१७ने कसेबसे वाचलो. त्या दिवशी मॅच संपल्यावर साहेब पत्रकारांना ‘उद्या बोलतो’ असं काहीतरी म्हणून निघून गेले आणि सगळ्यांना वाटलं बस, संपलं, उद्या रिटायरमेंट. कसलं काय. दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. मग पिट्सबर्ग, सव्वा मिनिट राहिलेलं, ४३ यार्ड, मारली असती तर आपण पुढे, आणि बॉल डावीकडे बाहेर. २६-२४. तिथे होल्डरनं (किकसाठी बॉल धरणाऱ्यानं) बॉल नीट फिरवला नव्हता, बॉलच्या शिवणीची लेस किकरच्या बाजूला होती, म्हणून त्या एका किकचं मी सोडून देतो.

पण मायामीचं नाही सोडणार. हरला तो संघ कोणाला? डॉल्फिन्सना, यंदाच्या दुबळ्या डॉल्फिन्सना! टचडाउन मारून १२-१० केलं आणि एक्स्ट्रा पॉइंट गेला. लोक म्हणाले एका पॉइंटनं काय होतंय. हे होतंय बघा, की त्यांनी पुढे दोन फील्ड गोल मारले आणि १६-१२ झालं. शेवटच्या ड्राइव्हला आपण त्यांच्या दारात जाऊन पोचलो होतो. आपले १३ असते तर एक सोपा फील्ड गोल आणि ओव्हरटाइम. पण १२ होते, म्हणून टचडाउनच पाहिजे, आणि चौथ्या डाउनला (शेवटच्या संधीला) बिचाऱ्या बदली क्वार्टरबॅक हॉयरला पास फेकणं भाग पडलं. एक पॉइंट सुटला की तो नुसता सुटत नाही, पुढचा सगळा गेम कसा खेळायचा तेच बदलून जातं. हे मी ग्रुपवर टाकलं तर खाली तीन नमस्कार आणि एक फुलांचा गुच्छ. अरे काय!

आणि मग असा एक दिवस येतो की ज्याच्यामुळे हे सगळं लांबतं. ब्रॉन्कोस. त्या दिवशीही ४५ यार्डांवरून हुकलेली, एक्स्ट्रा पॉइंट हुकलेला, मी इकडे शिव्या घालतोय, आणि २२ सेकंद राहिलेले असताना म्हातारा ५१ यार्डांवरून थेट मध्ये घालतो. १५-१३. मीपण नाचलो, खोटं कशाला बोलू. पण जरा थंड डोक्यानं बघा, आधीच्या दोन गेल्या नसत्या तर शेवटची मारायची वेळच आली नसती. तेव्हा आपण ५-२ होतो, म्हणजे पाच जिंकलेल्या, दोन हरलेल्या. आज ६-६ आहोत. आपला क्वार्टरबॅक लक ऑगस्टमध्येच रिटायर झाला, त्याच्या जागी नवीन माणूस, प्रत्येक मॅच एक-दोन किकांवर अडकलेली, आणि नेमकी याच सीझनला किक लागत नाही.

इथे कोलंबसला (ओहायोचं नव्हे, आपलं इंडियानातलं) पुण्याहून कमिन्समध्ये आलेली बरीच मराठी मंडळी आहेत, रविवारी मॅचला जमतो. त्यात एक काका आहेत, जुने, पार मॅनिंगच्या काळापासून कोल्ट्स बघणारे. काल ते मला म्हणतात, “अरे, तो माणूस कोण आहे तुला माहितीये का? बर्फातली ती किक बघ आधी.” म्हटलं काका, बघितलीये, पाठ आहे, ४५ यार्ड, समोर रेडर्स, पण ती जानेवारी २००२ची आहे, आणि शिवाय ती पेट्रियट्ससाठी मारलेली, आपल्यासाठी नाही. त्यावर काका काय म्हणावेत? “तुम्हाला आजकालच्या मुलांना कदर नाही.” माझे केस पांढरे झालेत हो काका!

कदर आहे. २६७३ पॉइंट, लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त. ५९९ फील्ड गोल. चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकलेल्या. सलग ४४ फील्ड गोलचा रेकॉर्ड, तोपण आपल्याच जर्सीत, चाळिशी उलटल्यावर. प्लेऑफमध्ये रेव्हन्सना १५-६ने हरवलं तेव्हा पंधराच्या पंधरा पॉइंट एकट्याचे. कोण विसरतंय? पुतळा उभारा, माझी वर्गणी घ्या. पण पुतळा उभारणं वेगळं आणि पुढच्या रविवारी ४६ यार्डांवर उभं करणं वेगळं.

आणि कदरीचं बोलताय तर हा माणूस आपल्याकडे आला कसा ते सांगा ना कोणीतरी. जानेवारी २००६, स्टीलर्स, २१-१८, शेवटचे काही सेकंद, आपला तेव्हाचा किकर व्हँडरजॅटनं ४६ यार्डांची किक पार बाहेर घातली. तेव्हा टक्केवारीत तो लीगच्या इतिहासातला सगळ्यात अचूक किकर होता, तरी दोन महिन्यांत आपण त्याला नारळ दिला आणि व्हिनाटिएरीला आणलं. तिकडे पेट्रियट्सनी काय केलं? दोन सुपर बोल ज्याच्या शेवटच्या किकवर जिंकले त्याला तेहतिशीत जाऊ दिलं, ड्राफ्टमध्ये (नवीन खेळाडूंच्या निवडीत) चौथ्या राउंडला किकर गोस्टकाउस्की उचलला, आणि त्याच्याबरोबर आणखी तीन सुपर बोल जिंकले. यंदा गोस्टकाउस्कीचं कंबरेजवळचं दुखणं निघालं तर रडत बसले नाहीत, काही दिवसांत दुसरा किकर आणून उभा केला. त्यांना आपण निर्दयी म्हणतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्याच मॅच बघत बसतो.

मला खरी चीड व्हिनाटिएरीची नाहीच. खेळाडू आहे, त्याला वाटणारच की पुढची लागेल, तसं वाटत नसतं तर चोवीस वर्षं टिकलाच नसता. चीड आहे ती वरच्यांची. जानेवारीत चीफ्सविरुद्ध प्लेऑफमध्ये २३ यार्डांवरून, हो तेवीस, पोस्टला आपटली, वर एक्स्ट्रा पॉइंट गेला, आणि त्याच महिन्यात यांनी एक वर्षाचा करार करून टाकला. मग ट्रेनिंग कॅम्पला कोणीतरी दमदार पोरगा समोर ठेवून खरीखुरी स्पर्धा लावायची होती. सप्टेंबरपासून दर आठवड्याला कोच राइक पाठीशी उभा, विश्वास आहे, विश्वास आहे. कधी थांबायचं ते त्याचं तोच ठरवेल, हा मोठेपणा नाहीये, ही पळवाट आहे, कारण वाईट निर्णय आपल्या हातानं घ्यायचा नाही. मग तो निर्णय स्टेडियमभर लोकांच्या हुर्यो मध्ये होतो, आणि अपमान त्या माणसाचाच होतो ना शेवटी?

आपल्याला हे कळायला पाहिजे, आपण भोगलंय. मारा मला, पण बोलतोच. सचिनची ९९वी सेंच्युरी मार्च २०११, शंभरावी मार्च २०१२. मधलं वर्षभर टीम काय खेळतेय हे कोणी बघतच नव्हतं, फक्त ती एक सेंच्युरी. आणि मिरपूरला झाली त्या दिवशी बांगलादेशकडून मॅच हरलो. तेव्हा घरात जो बोलेल तो देशद्रोही. २०१९ला धोनीचं तेच चाललं होतं, जुलैपासून बॅट हातात घेतलेली नव्हती आणि रोज चर्चा, थांबणार की खेळणार. निवड समिती, कोच, कोणी तोंड उघडायला तयार नव्हतं.

तर पुढच्या रविवारी टँपा आहे. मंगळवारी किकर बोलावून ट्रायआउट घेणं ही या लीगमध्ये रोजची गोष्ट आहे, घरी बसून फोनची वाट बघणारी पोरं ढिगानं पडलीत, आणि उद्या मंगळवारच आहे. गुडघ्याचं कारण पाहिजे तर गुडघ्याचं द्या, आयआरवर (जखमी खेळाडूंच्या यादीत) टाका, ऑपरेशन करा, निरोप समारंभ होम गेमला थाटात करा, मी तिकीट काढून येतो आणि उभा राहून टाळ्या वाजवतो. पण टँपाला दुसरा माणूस पाठवा. आणि काका, तुम्ही हे वाचत असाल तर ग्रुपवर ती बर्फातली क्लिप परत टाकू नका, प्लीज.