खुलासा : घरी भरलेली काडतुसं नातेवाइकांना पार्सल करता येत नाहीत

‘बंदुकीचा परवाना असेल तर रिकामी काडतुसं घरी पुन्हा भरता येतात आणि गावच्या भावाला कुरिअरनेही पाठवता येतात’ असा मेसेज फिरतोय. भारतात हे चूक आहे.

गोंधळाचं मूळ बहुधा अमेरिकेत असावं. तिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. (पोस्टाने पाठवायला मात्र तिथेही बंदी आहे.)

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ लागू होतो. शेतीरक्षणासाठी मिळणारा बंदुकीचा परवाना कलम ३ खालचा, म्हणजे फक्त बाळगण्याचा. पुंगळीत (रिकाम्या काडतुसात) नवी टोपी (दारू पेटवणारा भाग), बंदुकीची दारू आणि छर्रे भरणं ही निर्मिती. तिला कलम ५ चा वेगळा परवाना लागतो. दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात, त्यामुळे ‘मी नुसतं सामान ठेवलंय’ ही सबब चालत नाही. विनापरवाना निर्मितीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप.

भावाला द्यायचीच असतील तर कायदेशीर विकत घेतलेली, आणि त्याच्याकडेही परवाना हवा. आधी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, त्यात भावाचं नाव-पत्ता द्यायचा, मग ४५ दिवस थांबायचं. सख्खं नातं म्हणून यात सूट नाही. टपाल खातं स्फोटक वस्तू स्वीकारत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे भावाने स्वतःच्या परवान्यावर, त्यातल्या मर्यादेत, अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावीत.

तो मेसेज आला असेल तर पुढे पाठवू नका, आणि ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.