खुलासा: स्मिथ-कार्लोस यांची पदकं काढून घेतली नव्हती

‘१९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रगीताच्या वेळी मूठ उगारली म्हणून टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोसची पदकं काढून घेतली,’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे. वर्णभेदाचा असा निषेध केला म्हणून अमेरिकेच्या या दोन कृष्णवर्णीय धावपटूंना संघातून निलंबित करून मायदेशी धाडलं, एवढं खरं. ऑलिम्पिकच्या अधिकृत निकालात २०० मीटरचं सुवर्ण आजही स्मिथच्या (१९.८३ सेकंद) आणि कांस्य कार्लोसच्या नावावर आहे.

पदकवितरणाचा तो गाजलेला फोटो नीट पाहा: स्मिथचा उजवा हात वर, कार्लोसचा डावा; कारण दोघांत काळ्या हातमोज्यांची जोडी एकच होती. बूट नाहीत, नुसते काळे मोजे, ती कृष्णवर्णीयांच्या गरिबीची खूण. रौप्यविजेता गोरा ऑस्ट्रेलियन पीटर नॉर्मन अलिप्त वाटतो खरा, पण या दोघांनी लावलेला मानवी हक्कांचा बिल्ला त्याच्याही छातीवर आहे.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.