साहेबांनी सीन केलं

तहसीलदार साहेबांनी माझा अर्ज पाहिला. हे मी म्हणत नाही, अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलंय, सीन. खाली सही आणि तारीख. बस. सातबारा, नकाशा, कोर्ट फी स्टॅम्प, दोन पानं पोटतिडकीचा मजकूर, आणि त्यावर एवढा एक शब्द.

अर्ज कशाचा ते पटकन सांगून टाकतो, विदर्भात राहणाऱ्याला नवीन काही नाही. वावरात जायची पांधण शेजाऱ्यानं काट्या टाकून बंद केली. बैलबंडी जात नाही, ट्रॅक्टरचं तर नावच नको, यंदा सोयाबीनची पोती डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्यानं डांबरी सडकेपर्यंत आणली. वकील म्हणाले, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ लावा आणि अडवणूक झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत टाका, नाहीतर मुदत गेली म्हणतील. टाकला मुदतीत. माझ्यासाठी ६ महिन्यांची मुदत, त्यांच्यासाठी काय ते कोणी सांगत नाही, मीही विचारून विचारून थकलो.

तर परवा बाबूनं फाइल काढली, माझ्याकडं फिरवली, आणि पोरगा मेरिटमध्ये आल्यासारख्या आवाजात म्हणाला, "घ्या, साहेबांनी सीन केलंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पाहिलं."

"पाहून ठरलं काय?"

"पाहिलं असं लिहिलंय ना," बाबू म्हणाला आणि कॉम्प्युटरकडं वळला. मी मोबाइलवर फोटो काढून घेतला, तेवढी परवानगी मिळाली, आणि बाहेर आलो. अख्खा अर्ज मराठीत, राजभाषा अधिनियम १९६४ चा, वरचा शेरा मात्र इंग्रजीत. म्हणजे भांडायचं तरी कोणत्या भाषेत?

बाहेर आवारात कडुनिंबाखाली एक काका बसले होते. धोतर, टोपी, मांडीजवळ खताच्या रिकाम्या पोत्याची शिवलेली पिशवी, आणि दोन तळहातांमध्ये पन्नीतला खर्रा घोटणं चालू. माझं तोंड पाहून म्हणाले, "काय झालं भाऊ?"

"काही नाही काका. साहेबांनी सीन केलं."

घोटणं थांबलं.

"कोन्या पेनानं?"

"निळ्या."

"टिंब हाय का?"

"कसलं टिंब?"

"सीनच्या म्होरं टिंब. दाखवा बरं मले."

मोबाइल दिला. काकांनी दोन बोटांनी फोटो ताणून मोठा केला, स्क्रीनवर सुपारीचा भुगा सांडला, तो फुंकून टाकला, आणि मग डोळे बारीक करून असे पाहत बसले की साहेबांनी याच्या निम्म्यानं पाहिलं असतं तर आज माझी बंडी वावरात असती.

"टिंब नाई," निकाल आला. "बरं झालं. टिंब असतं तं खेळ खलास होता. टिंब म्हंजे याच्या म्होरं कोनी काई बोलाचं नाई. तुमचा सीन उघडा हाय."

"उघडा म्हणजे काम होईल?"

"मी तसं म्हनलो का? उघडा हाय एवढंच म्हनलो. आन हा चालता सीन हाय. हे पाहा, अक्षर कसं म्होरं पयालं. सायेब गाडीत बसाले निंगाले, बाबूनं फाइल आडवी धरली, सायबानं उभ्या उभ्या पेन टेकवला. खुर्चीत बसून केलेला सीन सरका रायते."

"आणि वाचून केलेला?"

यावर काका एवढे हसले की तोंडातला खर्रा सांभाळायला वर आभाळाकडं मान करावी लागली. मग बाजूला पिंक टाकून, मला अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "वाचून कोनी सीन लिहत नाई भाऊ. वाचलं तं मंग काईतरी लिहा लागते ना."

हे मला तिथंच बसलं. काका इंग्रजी शिकलेले नाहीत, त्यांनीच सांगितलं, "मले एबीसीडी येत नाई, पन शेरे सारे वाचता येते." पिशवीतून त्यांनी आपली फाइल काढली. मोजणीचं प्रकरण, धुऱ्याचा वाद, वडलांच्या हयातीत सुरू झालेलं, पहिले कागद पिवळे पडून कोपरे गळालेले. त्यात निरनिराळ्या साहेबांचे सीन होते. हिरव्या शाईतला होता, लाल होता, पेन्सिलीनंही एक होता. पेन्सिलवाल्यावर काका बोट ठेवून म्हणाले, "हा सायेब लय हुशार. खोडता येते." मधेच एक 'डिस्कस' होता, त्यावर त्यांचं मत, की दोघांचं आपसात पटत नसलं म्हणजे डिस्कस येते. आणि एका पानावर 'पुट अप', त्याच्याभोवती काकांनी स्वतः हळद लावून ठेवली होती. खरंच हळद.

"याच्यावाल्याले कोनी टाळू शकत नाई. पुट अप आलं का बाबूले घाम सुटते. सायबानं स्वताहून मांगलं म्हंजे फाइल वर न्याच लागते."

"मग तुमचं काम झालं?"

"बदली झाली ना सायबाची."

चहावालं पोट्टं ग्लास घेऊन आलं, त्यानं कान दिलेलाच होता. म्हणे, "काका, सीन म्हंजे ते ब्लू टिकवालं. माया मॅसेजले बी तिनं सीन केलं, कवाचं. रिप्लाय नाई."

काकांनी गंभीरपणे विचारलं, "टिंब देल्लं का तिनं?"

व्हॉट्सअ‍ॅपनं ते निळं २०१४ साली आणलं, आमच्या ऑफिसांत त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, फक्त तिथं निळी शाई लागते. पोट्ट्याचं दुःख आणि माझं एकच होतं, पण त्याला निदान ते बंद करायची सेटिंग होती.

तेवढ्यात काकांना नवीन शंका आली. आवाज खाली आणला. "भाऊ, तुमी अंदर जोरानं गिरानं बोल्ले होते का मांगच्या खेपी?"

"थोडं बोललो होतो. काहून?"

"नाई, सायबाले असं तं नाई म्हनाचं ना, का हा मानूस येऊन सीन करते?"

आता हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सीन करणे, मोठा सीन झाला, भरचौकात सीन केला, हे आपण रोज बोलतो, आणि देवनागरीत दोन्ही सीन सारखेच. मी घाबरून स्पेलिंग पाहिलं. नाही, पाहिल्यातलाच होता. काकांचं समाधान झालं नाही. स्पेलिंगवर कोण जाते, म्हणाले.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं (पहिलीपासून झालं ते २००० साली), त्यामुळं आमचं इंग्रजीशी नातं उशिरा लागलेल्या लग्नासारखं, जरा धाकातच. सी, सॉ, सीन, हे आम्ही छडीच्या ठेक्यावर पाठ केलं. सॉ म्हणजे पाहिलं हे ठीक, पण सुताराची करवतही सॉच निघाली तेव्हा मी गुरुजींना विचारलं होतं. गुरुजी म्हणाले, चूप बस. मग आय सी म्हणजे 'मी पाहतो' नाही तर 'अस्सं होय' हे कळलं, डॉक्टरला सी करतात ते पाहायला नाही दाखवायला, आणि पुढं कधीतरी वाचलं की पोपच्या गादीला होली सी म्हणतात, त्यातल्या सीचा डोळ्यांशी संबंधच नाही, तो लॅटिनमधल्या बसण्याच्या जागेवरून आला. म्हणजे खुर्ची. ते वाचल्यावर मला ऑफिसचा बराच उलगडा झाला.

अर्थात आपण मराठी लोकांनी इंग्रजीला हसू नये. आपल्याकडं तरी पाहणं कुठं सरळ आहे? मुलगी पाहायला येतात, पोहे खातात, 'कळवतो' म्हणतात, आणि मग मुलीचा बाप वाट पाहतो. 'पाहू' म्हटलं की नाही समजायचं, 'पाहून घेईन' म्हटलं की काठी शोधायची. शेजाऱ्यानं काट्या टाकल्या त्या दिवशी मला हेच म्हटलं होतं, पाहून घेईन. त्यानं खरंच पाहून घेतलं, सरकारला अजून जमायचं आहे.

आणि सरकारचा सगळा कारभार तर डोळ्यांवरच चालतो. सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं त्याचा सरकारी अंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम. ५० पैशांच्या आत आली तर दुष्काळाच्या सवलती, वर गेली तर तुमचं पीक चांगलं आहे असं कागद म्हणतो, वावरात बोंड सडलेलं का असेना. आमच्या भागात अर्धे लोक हिंदी बोलतात, हिंदीत नजरअंदाज करणं म्हणजे दुर्लक्ष करणं. आम्हाला कोणी तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. मग २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. आधी तलाठी पाहायचा, निदान पाहायचा असं मानायचं, आता ज्याचं पीक त्यानंच वावरात उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा आणि सरकारला पाठवायचा. नाही केलं तर सातबाऱ्यावर पीक नाही, मग भरपाईला ये अन् रड. मी केलं, वावरात जायला रस्ता नसताना केलं, धुऱ्यावरून गुडघाभर चिखलात जाऊन, एका हातात मोबाइल एका हातात चप्पल. म्हणजे पीक मी पेरायचं, मीच पाहायचं, मीच दाखवायचं. साहेबांच्या वाट्याला फक्त एक कागद पाहायचा होता, आणि चूक-बरोबर, हो-नाही, काहीतरी लिहायचं होतं. 'नाही' लिहिलं असतं तरी चाललं असतं मला, वर पुनरीक्षण मागितलं असतं. सीनवर पुनरीक्षण कुठं मागतात? पाहिलं नाही असं म्हणता येत नाही, पाहिलं असं वाटत नाही. स्थळ पाहणीला या म्हणून अर्जात शेवटी विनंती केली होती, तिच्यावरच नेमकी ती सही पसरली आहे.

संध्याकाळी गावात पानठेल्यावर शेजारी उभा होता. आमचं बोलणं बंद आहे, पण चारचौघांत त्यानं हसत हसत विचारलंच, "काय बे, काय झालं तुया अर्जाचं?"

मी म्हटलं, "सीन झालं."

"म्हंजे?"

"साहेबांनी. लेखी."

एवढं बोलून मी सुपारी तोंडात टाकली अन् पुढं एक शब्द काढला नाही. तो दोनदा हसला, मग हसायचा थांबला. ठेलेवाल्याला विचारत होता, मग सरपंचाच्या पुतण्याला विचारत होता, कोणालाच धड सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी वावराकडं गेलो तर बाभळीच्या काट्या एका बाजूनं जराशा सरकवलेल्या. बंडी अजून जात नाही. सायकल जाते, हँडल वाकडं करून. आता ठेल्यावर त्याच्या कानावर कोणीतरी पुट अप घालायला पाहिजे, ट्रॅक्टरपुरती जागा तेवढ्यानं होईल असा माझा अंदाज आहे.