‘शाळेत नशाप्रतिबंध शिकवायला पैसाच नाही’: फिरत्या मेसेजला उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शिक्षक-पालक ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा आशय असा: नशाप्रतिबंधाच्या शिक्षणाला लाखभर रुपये लागतात, सरकार दमडी देत नाही, ग्रामपंचायतीला या कामावर खर्च करताच येत नाही, कंपन्या मुंबई-पुण्यापलीकडे बघत नाहीत. तेव्हा 26 जूनला, अंमली पदार्थविरोधी दिनी, पोलिसांचं एक भाषण ठेवा आणि मोकळे व्हा. हे वाचून गावोगावचे मुख्याध्यापक गप्प बसतात, म्हणून मुद्द्यांना एकेक करून उत्तर देतो.

‘लाखभर रुपये लागतात.’ मंडप, फ्लेक्स, साऊंड, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचा नाश्ता धरला तर लागतीलही. शिकवायला एवढं लागत नाही. सहावी ते आठवीचे 120 विद्यार्थी आणि आठवड्याला एक असे 10 तास धरा. प्रत्येकी 10 पानं म्हणजे 1,200 झेरॉक्स, दीड रुपयाने 1,800. कार्डशीट आणि मार्कर 700. दोन शिक्षकांचं तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण, प्रवास-जेवणासह 1,500. दोन पालकसभा 2,000. एकूण 6,000, म्हणजे पोरामागे 50 रुपये.

‘सरकार दमडी देत नाही.’ शाळेच्या खात्यात नशाप्रतिबंध या नावाने रक्कम येत नाही, एवढंच यात खरं आहे. जिल्हा परिषद शाळेला ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट 30 पर्यंत असेल तर 10,000, 100 पर्यंत 25,000 आणि 250 पर्यंत 50,000 असा त्याचा निकष आहे. पण ते उशिरा आणि तुकड्यांनी येतं, वीजबिल-डागडुजीत संपतं. त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. झेरॉक्सपुरता ठराव शाळा व्यवस्थापन समितीत करून ठेवा. वस्तुरूपात मिळणारी मदत मात्र सोडू नका. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू नियंत्रण कक्षाकडे प्रशिक्षक आणि पोस्टर मागा. नशामुक्त भारत अभियानाचं काम समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे असतं. शिक्षकांसाठी तयार झालेलं ‘नवचेतना’ साहित्य तिथे मागा. अर्ज लेखी द्या, त्यावर आवक क्रमांक घ्या. तोंडी विनंती कुणाच्याच लक्षात राहत नाही.

‘ग्रामपंचायतीला खर्च करता येत नाही.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. वित्त आयोगाच्या निधीचे बंधित आणि अबंधित असे दोन भाग असतात. बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेचा, त्याला हात लावता येत नाही. अबंधित भाग घटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांवर गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, आणि त्या यादीत प्राथमिक व माध्यमिक शिक्षण 17 व्या क्रमांकावर आहे. पगार आणि आस्थापना खर्च मात्र त्यातून चालत नाही. म्हणून मागणीत ‘मानधन’ आलं की ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) फाईल बाजूला ठेवतात, आणि लेखापरीक्षणाच्या भीतीने ठेवतात हे समजून घ्या. मानधन लागणारच असेल तर ते ग्रामनिधीतून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, वेगळं मागा.

मागणी फसते ती बहुतेक वेळा तारखेमुळे. ग्रामपंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. जानेवारीत अर्ज घेऊन गेलात तर आराखडा झालेला असतो, आणि ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर न चढलेल्या कामाचं बिल निघत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव सप्टेंबरातच करा आणि ग्रामसभेत एक ओळ नेमकी लिहून घ्या: ‘जि. प. शाळा, इयत्ता 6 वी ते 8 वी, व्यसनप्रतिबंध शिक्षण: साहित्य, शिक्षक प्रशिक्षण व पालकसभा, रु. 6,000.’ नुसतं ‘जनजागृती’ लिहिलं की त्या पैशाचा फ्लेक्स होतो.

पेसा गावांना, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे त्या गावांना, आणखी एक वाट आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या तालुक्यांत आणि साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या पेसा गावांत आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी येतो, त्यात आरोग्य-स्वच्छता-शिक्षण हा भाग आहे. निर्णय ग्रामसभेचा असतो. तिथे मांडणी करताना जपून बोला. मोहाची दारू अनेक घरांत देवाधर्माच्या कामी लागते. तिला आणि ‘कुत्ता गोळी’ला (नशेसाठी खाल्ल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळीला) एकाच मापात तोललं तर ग्रामसभा ऐकून घेणार नाही, आणि ते रास्तच आहे.

‘कंपन्या देत नाहीत.’ मोठ्या कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) घ्यायला संस्थेकडे सीएसआर-1 ही सरकारी नोंदणी लागते, ती बहुतेक शाळांकडे नसते. त्या नादी न लागता गावची पतसंस्था, दूध सोसायटी किंवा जिनिंगवाले गाठा. सहकारी संस्थांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत होते आणि नफावाटणीचा प्रस्ताव त्याआधी ठरतो, म्हणून पत्र जूनमध्येच पोचलं पाहिजे. खासगी अनुदानित शाळांना ही वाट जास्त सोयीची. दारू दुकानदार किंवा तंबाखू व्यापाऱ्याची देणगी घेऊ नका. मुलं देणगीदाराचं नाव बरोबर वाचतात.

‘एक भाषण पुरे.’ संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाने 2018 मध्ये प्रतिबंधाची मानकं सुधारून प्रसिद्ध केली. नुसतं व्याख्यान, भीती दाखवणं, पूर्वी व्यसनी असलेल्याची कहाणी, पोलिसांकडून शिकवणं, हे सगळं त्यांत निष्फळ ठरणाऱ्या गोष्टींत मोडतं. उपयोगी पडतात ती आठवड्याला एक अशी 10 ते 15 सत्रं, प्रशिक्षित शिक्षकाची, मुलांना बोलतं करणारी. उदाहरणार्थ: मोठा भाऊ टपरीवरून पुडी आणायला पाठवतो, तेव्हा काय म्हणायचं? दोन मुलं प्रसंग करून दाखवतात, बाकीची दुसरं उत्तर सुचवतात, मग जोड्या बदलतात. शिक्षक शेवटी पाच मिनिटंच बोलतो.

ही सत्रं जुलै ते सप्टेंबरात उरका. 26 जूनला शाळा नुकती भरलेली असते, पट पुरता जमलेला नसतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांची मुलं वर्गात नसतात, आणि ज्यांना गरज जास्त तीच सुटतात. एखादं पोर आधीच ओढत-खात असल्याचं कळलं तर वर्गात नाव घेऊ नका, दाखल्यावर शेरा मारू नका. पालकांना एकटं बोलवा, 14446 हा मोफत हेल्पलाइन क्रमांक द्या, आणि जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाकडे पहिल्या खेपेला शिक्षकाने सोबत जा.