वाटपाचं काम हलकं नव्हतं

‘प्रेषितांनी (येशूच्या मुख्य शिष्यांनी) विधवांना अन्न वाटायचं हलकं काम इतरांवर ढकललं, तसं पाळकाने (चर्चच्या धर्मगुरूने) किरकोळ कामं सोडावीत,’ हे लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय 6 पुन्हा वाचा. त्या कामासाठी आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असे 7 जण निवडले, प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. पुढे विश्वासासाठी प्राण देणारा स्तेफन त्यांच्यातलाच! हलक्या कामाला कोणी असं नेमतं का?

मी स्वतः पाळक, आणि काम हलकं समजायची हीच चूक केली. मंडळीच्या हिशेबाची वही एका तरुणाच्या हातात नुसती टेकवली, अधिकार काहीच दिला नाही. मग दर शनिवारी रात्री तो पावत्यांवर सही घ्यायला दारात उभा आणि माझा उपदेश अर्धवट. उपासनेत सगळ्यांसमोर प्रार्थना करून त्याला नेमलं, सहीचा अधिकार दिला, तेव्हा कुठे माझे शनिवार मोकळे झाले.