कोरडा पाषाण

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. घोडबंदर रोडवरची चार विंगांची सोसायटी. शेवटच्या विषयाला पहिल्या मजल्यावरच्या काकू उठल्या. नवरात्रात रात्री दहाला स्पीकर बंद करा, एवढंच त्यांचं म्हणणं. घरात काका अंथरुणाला खिळलेले. हातात वहीचा फाडलेला कागद, त्यावर पेनाने लिहून आणलेलं: ध्वनिप्रदूषण नियम २०००, निवासी भाग, रात्री ४५ डेसिबल. सणासुदीला बारापर्यंत सवलत मिळते ती सरकारने ठरवलेल्या दिवसांपुरती, वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, हेही खाली लिहिलेलं.

मागून एक सभासद म्हणाले, "काकू, तुमच्या मुलाच्या वरातीत डीजे साडेअकरापर्यंत वाजत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" सगळे हसले. काकू म्हणाल्या, "हो, ते आमचं चुकलंच." कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि खाली बसल्या. विषय तिथेच बारगळला.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो, म्हणून आज लिहितोय.

काकू दांभिक नाहीत. चुकल्या, आणि चारचौघांत कबूल केलं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'मिथ्याचार' म्हटलंय ते हातपाय आवरून बसलेल्या, पण मनात विषय घोळवत राहणाऱ्या माणसाला. इंग्रजीतला 'हिपोक्रिट' हा शब्द ग्रीकमधून आला, तिथे त्याचा अर्थ होता रंगमंचावरचा नट. दोन्हीकडे ठपका सोंगाचा आहे. ज्याचा पाय घसरला, त्याला कुणी दांभिक म्हटलेलं नाही.

आणि टोमणा मारणारे? दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मंडळाचा स्पीकर दहानंतर वाजत राहिला, तेव्हा ११२ ला फोन यांनीच लावला होता. मुलीची परीक्षा होती. योग्यच केलं. म्हणजे नियम त्यांना ठाऊक आहे, पटतोही. फक्त आपल्या गरब्याला तो नको. आपल्या घरात शांतता हवी तेव्हा नियम, दुसऱ्याच्या घरात हवी तेव्हा ब्रह्मज्ञान. दंभ मला इथे दिसतो, आणि त्याची किंमत पहिल्या मजल्यावरचा एक आजारी माणूस मोजतो.

त्या म्हणीत सांगणाऱ्याला कोरडा पाषाण म्हटलंय, पण तो जे सांगतो त्याला ती ब्रह्मज्ञानच म्हणते! दगडाने सांगितलं म्हणून ज्ञान खोटं होत नाही. तंबाखूने तोंड पोळलेला बाप पोराला "हात लावू नकोस" म्हणतो, तेव्हा त्याच्याइतकं ते कोण जाणतं? आपण मात्र सांगणाऱ्याची कुंडली मांडतो आणि सांगितलेलं ऐकायचं टाळतो. असंच चाललं तर एकदा चुकलेला माणूस पुन्हा चांगल्या गोष्टीसाठी तोंड उघडणार नाही. मग उरलं कोण बोलायला?

पुढच्या सभेसाठी हा विषय मी लेखी देतोय. अर्ज तयार आहे. संध्याकाळी काकूंकडे जाऊन पहिली सही त्यांची घेणार आहे.